पेट्रोलवरचे दोन आणे आणि बॅरिस्टर जयकर

पुणे विद्यापीठात शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांना जयकर हे नाव ठाऊक आहे ते ग्रंथालयामुळे. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, नामांकित बॅरिस्टर, वेदांताचे व्यासंगी, गांधीजी आणि व्हाइसरॉय यांच्यात समेट घडवू पाहणारे मध्यस्थ, अशी बॅ. मुकुंद रामराव जयकर यांची ओळख सांगितली जाते. मात्र या देशातील प्रत्येक वाहनचालक ज्या कामाचा रोज लाभ घेतो, आणि ज्याची किंमतही रोज मोजतो, ते त्यांचे काम बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. महामार्ग कोणी बांधायचे, त्यासाठी पैसा कोठून आणायचा आणि तो कोणत्या रस्त्यावर आधी खर्च करायचा, या तीन प्रश्नांची देशपातळीवरची पहिली पद्धतशीर मांडणी जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ साली केली. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान नशिराबादजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग असो की मुंबई-आग्रा रस्ता, त्यांच्यामागील विचाराचा उगम शोधू गेल्यास वाट या बॅरिस्टरांच्या अहवालापाशी येऊन पोहोचते.

पुराव्याची शिस्त

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात या छोट्या समाजाचा त्या काळी मोठा दबदबा होता. १९०२ मध्ये मुंबईत एलएल.बी. झाल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची वकिली सुरू झाली. मृदू भाषा, बारकाईने केलेली तयारी आणि समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय या गुणांवर त्यांनी तेथे नाव मिळवले. बॉम्बे क्रॉनिकल या राष्ट्रीय बाण्याच्या दैनिकाच्या संचालक मंडळावर ते महंमद अली जीना यांच्यासोबत होते.

त्यांच्या सार्वजनिक जीवनाला खरी कलाटणी मिळाली ती १९१९ च्या पंजाबातील अत्याचारांनंतर. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाची आणि लष्करी कायद्याखालील जुलमांची चौकशी करण्यासाठी काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. तीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकरही होते. शेकडो साक्षीदारांचे जबाब नोंदवणे, ते एकमेकांशी ताडून पाहणे आणि जे सिद्ध होईल तेवढेच अहवालात मांडणे, हे काम या समितीने काही महिन्यांत पूर्ण केले. संतापाने पेटून उठावे असे सारे समोर असताना पुराव्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकायचे नाही, ही शिस्त जयकरांच्या अंगी तेथे पक्की मुरली. पुढे रस्त्यांसारख्या रुक्ष वाटणाऱ्या विषयात हीच शिस्त त्यांच्या कामी आली.

१९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबई कायदे कौन्सिलात गेले आणि तेथे त्यांनी पक्षाचे नेतृत्व केले. मात्र सरकारची सरसकट अडवणूक करण्याचे धोरण त्यांना पटेनासे झाले. जेथे लोकांचे हित साधते तेथे सहकार्य करावे आणि जेथे अन्याय होतो तेथे विरोध करावा, या भूमिकेवरून न. चिं. केळकर आणि डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासह ते स्वराज्य पक्षाबाहेर पडले. प्रतिसहकार पक्ष म्हणून महाराष्ट्राच्या राजकारणात ओळखला जाणारा प्रवाह तो हाच. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तरीही मध्यवर्ती कायदेमंडळात गेल्यावर त्यांनी ही भूमिका सोडली नाही.

एका महिन्यातील दोन आयोग

१९२७ चा नोव्हेंबर महिना भारतीय राजकारणात गाजला तो सायमन आयोगाच्या घोषणेने. एकही भारतीय सभासद नसलेल्या त्या आयोगावर देशाने बहिष्कार पुकारला आणि जयकरांनीही त्याला विरोध केला. त्याच महिन्यात सरकारने आणखी एक समिती नेमली, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रस्त्यांच्या दुरवस्थेबद्दल ठराव केल्यानंतर स्थापन झालेली ही भारतीय रस्ते विकास समिती. तिचे अध्यक्षपद जयकरांकडे आले. ज्या सरकारच्या एका आयोगाला विरोध करायचा, त्याच सरकारच्या दुसऱ्या समितीचे अध्यक्षपद स्वीकारायचे, हा विरोधाभास टीकाकारांना खटकण्यासारखा होता. जयकरांच्या दृष्टीने मात्र प्रतिसहकाराचा अर्थच हा होता. रस्ता उद्याच्या स्वतंत्र देशालाही लागणारच होता.

त्या वेळची परिस्थिती बिकट होती. रेल्वे आल्यावर हमरस्त्यांची उपेक्षा सुरू झाली होती. माल आणि माणसे लोहमार्गाने जाऊ लागल्यावर रस्त्यांचे काम स्टेशनापर्यंत पोहोचवण्यापुरतेच उरले, असा समज रूढ झाला. खानदेशापुरते बोलायचे तर भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन झाले, नशिराबादजवळ भादलीचे स्टेशन आले आणि कापसाच्या बैलगाड्यांची वाट स्टेशनाकडे वळली. १९१९ च्या सुधारणा कायद्याने रस्ते हा विषय प्रांतांकडे सोपवला आणि प्रांतांनी बहुतेक रस्ते जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात टाकले. बोर्डांची मिळकत तुटपुंजी होती. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली. बैलगाडीच्या लोखंडी धावेने भरडलेल्या मुरमाच्या रस्त्यावर आता वेगाने फिरणारी रबरी चाके आली, आणि त्यांच्या ओढीने रस्त्यावरची माती धूळ होऊन उडू लागली. रस्ता एका जिल्ह्याने बांधायचा, वापरायचा दुसऱ्या प्रांतातल्या लॉरीने, आणि त्या लॉरीच्या इंधनावरचा कर जायचा दिल्लीला, असे हे त्रांगडे होते.

समितीने निरनिराळ्या प्रांतांतील अधिकारी, अभियंते आणि व्यापारी यांचे म्हणणे ऐकले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये, म्हणजे वर्षभरातच, अहवाल सादर केला. त्याचा गाभा काही मोजक्या शिफारशींत होता. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असल्याने तो राष्ट्रीय हिताचा विषय मानावा, ही पहिली. जो रस्ता वापरतो त्याने त्याचा खर्च उचलावा, म्हणून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून त्यातून रस्ते निधी उभारावा, ही दुसरी. देशभरच्या अभियंत्यांना अनुभवाची देवाणघेवाण करता यावी म्हणून एक निमसरकारी तांत्रिक संस्था असावी, आणि रस्त्यांच्या प्रश्नांवर शास्त्रीय संशोधन करणारी संस्था असावी, या पुढच्या दोन.

भारतात समित्यांचे अहवाल कपाटात पडून राहण्याची परंपरा जुनी आहे. जयकर समितीचे भाग्य वेगळे निघाले. १ मार्च १९२९ पासून पेट्रोलवरचा जादा कर लागू झाला आणि मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. देशातील रस्त्यांची रुंदी, वळणे, पूल, खुणा आणि फलक यांचे मापदंड आजही हीच संस्था ठरवते. संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली १९५२ मध्ये, अहवालानंतर जवळपास चोवीस वर्षांनी.

मोजमापाचा पेच

निधी उभारणे एक आणि तो वाटणे दुसरे. गॅलनमागे दोन आणे गोळा झाले, पण कोणत्या प्रांताला किती द्यायचे? त्या काळी कोणत्या रस्त्यावर किती वाहने धावतात याची देशव्यापी शिरगणती नव्हती. खात्रीने मोजता येण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे पेट्रोलचा खप. तेव्हा केंद्राने आपला एक भाग राखून ठेवायचा आणि उरलेली रक्कम प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात द्यायची, अशी व्यवस्था झाली.

ही व्यवस्था न्याय्य होती, कारण ज्याने कर भरला त्याला रस्ता मिळत होता. पण तिच्या पोटात एक अन्यायही दडलेला होता. जेथे रस्ते बरे होते तेथेच मोटारी होत्या. मोटारी होत्या म्हणून पेट्रोल खपत होते आणि पेट्रोल खपत होते म्हणून पैसा पुन्हा तेथेच जात होता. जेथे रस्ताच नव्हता त्या मुलखात मोटार जाणार कशी आणि पेट्रोल जळणार कसे? बैलगाडीतून कापूस नेणाऱ्या शेतकऱ्याची निकड पेट्रोलच्या हिशेबात कोठेच उमटत नव्हती. केंद्राने राखून ठेवलेल्या भागातून ही उणीव थोडीफार भरून काढता येत होती, एवढेच. जे मोजता येते त्यालाच पैसा मिळतो आणि जे मोजले जात नाही ते योजनेबाहेर राहते, हा पेच रस्त्यांच्या नियोजनाला तेव्हापासून चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. वीस वर्षांच्या रस्ते विकासाची तिची योजना नागपूर योजना म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते अशी आजही वापरात असलेली वर्गवारी तिनेच केली. गावांची संख्या, लोकसंख्या आणि शेतीचे क्षेत्र यांचा विचार करून रस्त्यांची लांबी ठरवण्याचे सूत्रही तिने दिले. पेट्रोलच्या खपाच्या पलीकडे जाऊन न पोहोचलेल्या गावाची गणना करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. १ एप्रिल १९४७ पासून केंद्राने राष्ट्रीय महामार्गांचा आर्थिक भार उचलला आणि जयकर समितीची पहिली शिफारस खऱ्या अर्थाने अमलात आली. सुरत, धुळे, जळगाव, भुसावळ, अकोला, नागपूर या गावांना जोडत कोलकात्याकडे जाणारा रस्ता अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला गेला. २०१० मधील फेरक्रमांकनानंतर तो ५३ झाला. धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा महामार्ग छेदतो.

समेटाची वाट

रस्त्यांचा अहवाल हातावेगळा झाला तेव्हा जयकरांचे वय पंचावन्न होते आणि पुढची वर्षे त्यांना राजकारणाच्या भोवऱ्यात घेऊन गेली. १९२८ च्या डिसेंबरात कोलकात्यात भरलेल्या सर्वपक्षीय परिषदेत नेहरू अहवालावर जीनांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांना त्यांनी ठाम विरोध केला. एकेकाळी एका संचालक मंडळावर बसलेले हे दोघे तेथे समोरासमोर उभे ठाकले. मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० च्या उन्हाळ्यात देश पेटलेला असताना सर तेजबहादूर सप्रू आणि जयकर यांनी सरकार व काँग्रेस यांच्यात बोलणी घडवण्याचा खटाटोप केला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी, नैनीच्या तुरुंगात मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू, आणि सिमल्याला व्हाइसरॉय, अशा त्यांच्या फेऱ्या झाल्या. नेहरू पितापुत्रांना खास गाडीने येरवड्याला आणून चर्चाही झाली, पण ती फसली. असे असले तरी संवादाची ही वाट पुढच्या वर्षी गांधी-आयर्विन करारापर्यंत पोहोचली. लंडनच्या गोलमेज परिषदांना जयकर हजर होते आणि १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांतही ते होते.

१ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत संघ न्यायालय सुरू झाले, तेव्हा सर मॉरिस ग्वायर आणि सर शहा सुलेमान यांच्यासमवेत जयकर तेथील न्यायाधीश झाले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर त्यांची नेमणूक झाली. डिसेंबर १९४६ मध्ये ते घटना समितीचे सभासद झाले. नेहरूंनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. सभागृहाचा कल उलट असतानाही त्यांनी ती मांडली. काही महिन्यांतच त्यांनी जागा सोडली आणि मुंबईतून त्या रिकाम्या जागेवर जुलै १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले. घटना समितीतील जयकरांचा सहभाग अल्पकाळ टिकला, पण त्यांनी रिकामी केलेल्या जागेमुळे राज्यघटनेच्या शिल्पकाराचा समितीतला मार्ग मोकळा राहिला.

महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे की नाही याचा विचार करणारी समितीही १९४० च्या दशकात त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. विद्यापीठ अस्तित्वात आले तेव्हा साहजिकच पहिले कुलगुरूपद त्यांच्याकडे आले. १९४८ ते १९५६ या काळात त्यांनी ते सांभाळले. जळगाव-धुळ्याची महाविद्यालये १९९० पर्यंत याच विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याला आज कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे आणि त्याच्या समोरून जातो तो हाच महामार्ग. आत्मचरित्राचे लेखन हे जयकरांच्या अखेरच्या वर्षांतले मोठे काम ठरले. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्या पिढीचे गणित

जयकर समितीपुढे न सुटलेला प्रश्न होता तो पैसा खर्च होण्याआधी त्याचा परिणाम ओळखण्याचा. रस्ता रुंद केला तर काय होईल, वळणरस्ता काढला तर काय होईल, हे बांधून पाहिल्याशिवाय कळत नसे, आणि बांधल्यावर चूक उमगली तर पैसा गेलेलाच असे. या प्रश्नाचे उत्तर देणारे गणित जयकर मुंबईत वकिली करत होते त्याच काळात युरोपात आकार घेत होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या तारांवर होणाऱ्या खोळंब्याचे गणित मांडले. रांगेचे शास्त्र म्हणून ते पुढे विकसित झाले आणि टोलनाक्यावरच्या रांगेलाही लागू पडले.

साध्या हिशेबाने ते समजू शकते. समजा, नाक्यावरच्या एका खिडकीला एका वाहनाचे पैसे घ्यायला सरासरी १५ सेकंद लागतात. म्हणजे तासाला २४० वाहने ती सोडू शकते. वाहने ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो. हे गृहीत धरून गणित केले तर तासाला २०० वाहने येत असताना प्रत्येकाला सरासरी सव्वा मिनिट थांबावे लागते. वाहने २३० झाली, म्हणजे केवळ १५ टक्क्यांनी वाढली, की थांबण्याचा वेळ पावणेसहा मिनिटांवर जातो. रांग वाहनांच्या प्रमाणात वाढत नाही, ती क्षमतेच्या जवळ जाताच उसळते. आता यावर दोन उपाय पाहू. शेजारी दुसरी खिडकी उघडून वाहने निम्मी-निम्मी वाटली तर थांबणे सुमारे १४ सेकंदांवर येते. खिडकी एकच ठेवून वसुलीचा वेळ यंत्राने ४ सेकंदांवर आणला तर ते दीड सेकंदाहूनही कमी होते. देशभर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामागचा हिशेब याच जातीचा आहे. नशिराबादच्या टोलनाक्यावर काचेवरची पट्टी वाचून उघडणारा अडसर म्हणजे रस्त्याची एक इंचही रुंदी न वाढवता वाढवलेली क्षमता.

नाक्याची रांग कागदावर सुटते, सबंध महामार्ग सुटत नाही. तेथे एकाच वेळी शेकडो चालक आपापला निर्णय घेत असतात. पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवायचे, केव्हा ओलांडून पुढे जायचे, केव्हा ब्रेक दाबायचा, हे त्यांचे त्यांनीच ठरवायचे असते. १९७४ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे राइनर वीडेमान यांनी मागच्या चालकाच्या वागण्याचे एक गणिती चित्र तयार केले. पुढचे वाहन जवळ येत असल्याची जाणीव चालकाला विशिष्ट अंतरावरच होते, हा त्याचा आधार होता. त्यावर उभारलेल्या संगणकीय प्रतिकृतीत प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे चालते. रस्त्याचा नकाशा, मोजलेली वाहनसंख्या आणि चालकांच्या सवयी संगणकाला पुरवायच्या आणि पडद्यावर तोच रस्ता हजार वेळा चालवून पाहायचा, याला वाहतुकीचे सिम्युलेशन म्हणतात. वेगदर्शक फलक, कॅमेरे, अपघाताची तत्काळ खबर देणारी यंत्रणा, बदलत्या सूचनांचे फलक अशा बुद्धिमान वाहतूक यंत्रणेवर कोट्यवधी रुपये खर्च करण्याआधी तो खर्च कोठे सार्थकी लागेल हे अशा रीतीने आधी पडताळता येते.

परदेशी प्रतिकृती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. तिकडे वाहने आखलेल्या पट्ट्यांतून चालतात. आपल्याकडे केळीने भरलेला ट्रक, एसटी, ऊस नेणारी ट्रॅक्टरची जोड-ट्रॉली, दुचाकी आणि बैलगाडी एकाच डांबरावर शेजारी शेजारी येतात आणि मधली प्रत्येक फट दुचाकीस्वार भरून काढतो. म्हणूनच आपल्या अभियंत्यांनी वाहनांची बरोबरी मोटारीशी करण्याचे कोष्टक वापरले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शक संहितेत दुचाकी अर्ध्या मोटारीएवढी, ट्रक किंवा बस तीन मोटारींएवढी, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार मोटारींएवढी आणि मोठी बैलगाडी आठ मोटारींएवढी धरली आहे. १९२९ च्या निधीवाटपात जिची नोंद शून्य होती, तिलाच या कोष्टकात सर्वांत मोठा आकडा मिळाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने जागतिक बँकेच्या साहाय्याने केलेला रस्ता-वापर खर्चाचा अभ्यास १९८२ मध्ये पूर्ण झाला. खराब रस्त्यामुळे टायर, इंधन आणि वेळ यांचा किती ऱ्हास होतो हे त्यात भारतीय रस्त्यांवर मोजले गेले. २०१७ मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने भारतीय महामार्ग क्षमतेची स्वतंत्र मार्गदर्शिका तयार झाली. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी पट्ट्यांची शिस्त न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीसाठी सिम्युलेशनची खास पद्धत विकसित केली. पेट्रोलच्या पावत्यांवरून सुरू झालेला शोध अशा रीतीने चालकाच्या वागणुकीपर्यंत येऊन पोहोचला.

ज्याची नोंद नाही तो

एवढे असूनही जयकरांच्या काळातला पेच आजही समोर आहे. संगणक तेवढेच सांगतो जेवढे त्याला सांगितलेले असते. वाहने मोजणारा माणूस महामार्गाच्या कडेला सात दिवस बसतो, पण रस्ता ओलांडून शेतात जाणारी मजूर बाई, पलीकडच्या शाळेत जाणारी मुले, सायकलवरून दूध घालणारा गवळी यांची गणना त्याच्या तक्त्यात सहसा होत नाही. मग प्रतिकृतीत त्यांना जागा मिळत नाही, भुयारी मार्गाचा लाभ कागदावर दिसत नाही आणि वाहनांचा वेग वाढवणारा पर्याय सरस ठरतो. नशिराबादसारखे गाव महामार्गालगत असते, तेव्हा चौपदरीकरणाने ट्रकचे जे मिनिट वाचते त्याची किंमत गावकऱ्याला वळसा घालून किंवा जीव मुठीत धरून मोजावी लागू शकते. मोजणीच्या तक्त्यात पादचाऱ्यांचा एक रकाना वाढवला तर उत्तर बदलू शकते. खर्च तोच राहतो, फक्त तो कोठे करायचा ते बदलते.

जयकर समितीचा निधीही काळाच्या ओघात बदलला. २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधीचा स्वतंत्र कायदा झाला आणि डिझेलही त्याच्या कक्षेत आले. २०१८ मध्ये त्याला पायाभूत सुविधांची जोड मिळून नावही बदलले आणि रस्त्यांखेरीज इतर कामांनाही त्यातून पैसा मिळू लागला. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्यासाठी दिलेला पैसा रस्त्यालाच लागावा, हे जयकरांच्या अहवालातले तत्त्व होते. वापरणारा म्हणजे केवळ वाहनवाला की रस्ता ओलांडणाराही, याचे उत्तर मात्र १९२८ च्या अहवालाने पुढच्यांवर सोपवले.

जयकरांच्या नावाने पुण्यात ग्रंथालय आहे. महामार्गावर त्यांचे नाव आढळत नाही आणि त्याची फारशी खंतही वाटायला नको, कारण त्यांचे स्मारक प्रत्येक पेट्रोलपंपावरच्या दरात मिसळून गेले आहे. राजकारणात त्यांनी आरंभलेले अनेक समेट अर्ध्यावर राहिले, घटना समितीतली त्यांची सूचना मागे पडली. त्या मानाने कोणाच्या डोळ्यांत न भरलेला एक वर्षाचा अहवाल मात्र शतकाच्या उंबरठ्यावर आला आहे. साक्षीदार सगळे ऐकावेत, आकडे ताडून पाहावेत आणि मग पैसा द्यावा, ही त्यांच्या वकिलीतली साधी रीत होती. आजच्या नियोजनकर्त्यांकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी जलद यंत्रे आहेत. साक्षीदारांच्या यादीतून कोण राहून गेले, हे विचारण्याची जबाबदारी मात्र अजून माणसांवरच आहे.